स्वयंशोथ रोग व इन्फ्लेमासोम

जंतूंचा संसर्ग झालेला नसताना, तसेच शरीराने स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण केलेली नसताना ज्वर, सांधेदुखी, पुरळ आणि पर्युदर, परिफुप्फुस यांसारख्या आवरणांची दाहयुक्त सूज (शोथ) ही लक्षणे पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या रोगांच्या गटाला स्वयंशोथ रोग असे म्हणतात. या रोगांचे मूळ उपजत प्रतिरक्षेच्या (रोगप्रतिकारक्षमतेच्या) बिघाडात असते. या बिघाडाचे केंद्र पुष्कळदा श्वेत कोशिकांतील एक प्रथिनसमूह असतो, त्याला ‘इन्फ्लेमासोम’ ही संज्ञा आहे. रोगांचे वर्णन प्रथम झाले, औषध त्यानंतर सापडले आणि कारण सर्वांत शेवटी उमगले, असा या विषयाच्या इतिहासाचा क्रम आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही मोजक्या कुटुंबांपुरती वाटणारी ही दुखणी एकविसाव्या शतकात संधिवातविज्ञानाच्या मध्यभागी येऊन ठेपली. गाऊटसारख्या अतिप्राचीन व सर्वत्र आढळणाऱ्या रोगाचा उलगडाही त्यांच्याच अभ्यासातून झाला.

प्रतिरक्षेचे दोन भाग : मानवी प्रतिरक्षेचे उपजत व संपादित असे दोन भाग मानले जातात. संपादित प्रतिरक्षा ही लसीका कोशिकांवर अवलंबून असते. ती प्रत्येक शत्रूची वेगळी ओळख ठेवते आणि त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. उपजत प्रतिरक्षा त्याहून पुरातन आहे. भक्षिकोशिका व इतर श्वेत कोशिका यांच्या द्वारे ती चालते. कोणताही धोका जाणवताच ती काही तासांत, किंबहुना काही मिनिटांत, शोथ निर्माण करते. संधिवाताभ संधिशोथ किंवा प्रसृत रक्तिम चर्मक्षय (ल्यूपस) यांसारख्या रोगांत संपादित प्रतिरक्षा चुकून स्वकीय ऊतकांवर उलटते. म्हणून त्यांना स्वयंप्रतिरक्षा रोग म्हणतात. १९९९ पर्यंत संसर्गाविना होणाऱ्या बहुतेक सर्व शोथांकडे वैद्यक याच दृष्टीने पाहत असे. नियतकालिक ज्वराच्या रुग्णांत मात्र अशी प्रतिपिंडे कितीही शोधली तरी सापडत नसत. [→ संधिवात].

प्रारंभीची वर्णने : अमेरिकन वैद्य टी. सी. जेनवे व एच. ओ. मोझेंथाल यांनी १९०८ मध्ये एका ज्यू मुलीच्या आजाराची नोंद केली. तिला वारंवार ज्वर येई व पोटात तीव्र वेदना होत. हे वर्णन जवळजवळ विस्मृतीत गेले. १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथील शेपर्ड सीगल यांनी अशाच रुग्णांची माहिती एकत्रितपणे प्रसिद्ध केली आणि या आजारास ‘सौम्य आवेगी पर्युदरशोथ’ असे नाव दिले. झटका एक ते तीन दिवस टिकतो, त्यानंतर रुग्ण पूर्णपणे बरा दिसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार घडतो, हे सीगल यांचे निरीक्षण अचूक होते. १९४८ मध्ये हॉबर्ट रायमन यांनी अशा निरनिराळ्या आवर्ती दुखण्यांना ‘नियतकालिक रोग’ या एकाच नावाखाली आणण्याचा प्रयत्न केला.

झटक्याच्या वेळी रुग्णाचे पोट लाकडासारखे ताठ होई. त्यामुळे आंत्रपुच्छशोथाची शंका घेऊन अनेकांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली जाई आणि आत काहीही सापडत नसे. काही रुग्ण अशा शस्त्रक्रियांतून एकाहून अधिक वेळा गेले. दोन झटक्यांच्या मधल्या काळात प्रकृती उत्तम राहत असल्यामुळे दुखणे मानसिक आहे किंवा रुग्ण सोंग करीत आहे असाही समज होई. रोगाला नाव व ओळख मिळणे हाच या रुग्णांना मिळालेला पहिला दिलासा होता.

‘सौम्य’ हे विशेषण मात्र फार काळ टिकले नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आंरी मामू व रोजे कात्तां यांनी मुख्यत्वे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यू रुग्णांचा अभ्यास केला. हा रोग आनुवंशिक आहे आणि त्यात वृक्काची (मूत्रपिंडाची) हानी होते, असे त्यांनी दाखविले. इझ्राएलमध्ये तेल अवीवजवळील तेल हाशोमेर रुग्णालयात हॅरी हेलर, एझ्रा सोहार व त्यांचे सहकारी यांनी हे काम पुढे नेले आणि १९५८ मध्ये रोगाला ‘कौटुंबिक भूमध्यसामुद्रिक ज्वर’ हे नाव दिले. पुढे तेच सर्वमान्य झाले. ज्यू, आर्मेनियन, तुर्की व अरब या भूमध्य समुद्राच्या पूर्व व दक्षिण भागांशी संबंधित समाजांत हा रोग मुख्यत्वे आढळतो. त्याची आनुवंशिकता अप्रभावी स्वरूपाची आहे, म्हणजे सामान्यतः माता व पिता या दोहोंकडून सदोष जनुक आल्यासच रोग प्रकट होतो.

याच गटाने १९६७ मध्ये ४७० रुग्णांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यातून रोगाचे खरे भय स्पष्ट झाले. ज्वर व वेदना येऊन जात, परंतु दीर्घकाळ चाललेल्या शोथामुळे यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे अविद्राव्य तंतू वृक्कात साचत राहत. या विकाराला ॲमिलॉइड विकृती म्हणतात. प्रथम लघवीतून प्रथिन जाऊ लागे, नंतर सर्वांगावर सूज येई आणि अखेरीस वृक्क निकामी होत. ही विकृती जडलेले बहुतेक रुग्ण वयाच्या चाळिशीपूर्वीच मृत्यू पावत. झटके सौम्य असणाऱ्यांतही ती उद्‌भवू शकते, हे विशेष चिंताजनक होते.

कॉल्चिसीन : या रोगावरील औषध अनपेक्षितपणे हाती आले. कॉल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीचा उपयोग सांध्यांच्या दुखण्यावर फार पूर्वीपासून होत असे. सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य ट्रॅलीझचे अलेक्झांडर यांनी गाऊटवर तिची शिफारस केली होती. १८२० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्येअर पेलत्ये व झोझेफ काव्हांतू यांनी तिच्यातील क्रियाशील अल्कलॉइड वेगळे केले. पुढे त्याला कॉल्चिसीन हे नाव मिळाले. महाराष्ट्रात पावसाळ्यात रानावनांत फुलणाऱ्या कळलावी या वेलीच्या कंदांत व बियांतही हेच अल्कलॉइड असते. म्हणूनच ती विषारी गणली जाते आणि तमिळनाडूत औषधी उपयोगासाठी तिची लागवड केली जाते.

१९७२ मध्ये बॉस्टन येथील स्टीव्हन गोल्डफिंगर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलेल्या लहानशा पत्रात, रोज कॉल्चिसीन घेणाऱ्या रुग्णांना भूमध्यसामुद्रिक ज्वराचे झटके येईनासे झाले, असे कळविले. त्याच वर्षी तुर्कस्तानातील वैद्य ए. ओझकान यांनीही असाच अनुभव नोंदविला. १९७४ मध्ये इझ्राएल व अमेरिका येथे स्वतंत्रपणे नियंत्रित चाचण्या झाल्या. कोणाला औषध दिले आहे व कोणाला निष्क्रिय गोळी, हे रुग्णाला किंवा वैद्याला माहीत नसेल अशा रीतीने त्या योजिल्या होत्या. औषध घेणाऱ्यांत झटके पुष्कळ कमी झाल्याचे त्यांतून सिद्ध झाले.

झटके थांबले तरी वृक्क वाचतील काय, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९८६ मध्ये डेबोरा झेमर व सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी १,०७० रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले होते. आरंभी ॲमिलॉइड विकृतीची चिन्हे नसलेल्या ९६० रुग्णांपैकी नियमित औषध घेणाऱ्यांत केवळ चौघांच्या लघवीत प्रथिन आढळू लागले. याउलट आपण औषध नियमित घेतले नाही असे मान्य करणाऱ्या ५४ जणांपैकी १६ जणांत ते आढळले. एका जुन्या व स्वस्त औषधाने प्राणघातक रोगाचे रूपांतर आटोक्यात ठेवता येणाऱ्या आजारात केले. ते नेमके कसे कार्य करते, हे कळण्यास मात्र आणखी तीस वर्षे लागली.

ज्वरजनक द्रव्याचा शोध : दरम्यान ज्वर का येतो, या मूलभूत प्रश्नावर वेगळ्याच दिशेने संशोधन चालू होते. १९४८ मध्ये पॉल बीसन यांनी श्वेत कोशिकांपासून ज्वर उत्पन्न करणारे द्रव्य मिळविले. जंतूंच्या विषांखेरीज शरीर स्वतःही ज्वरजनक द्रव्य निर्माण करते, ही कल्पना त्यामुळे दृढ झाली. या द्रव्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने ते शुद्ध करणे अतिशय कष्टाचे होते. १९७४ च्या कॉल्चिसीन चाचणीत सहभागी असलेले चार्ल्स दिनारेल्लो यांनी १९७७ मध्ये मानवी श्वेत कोशिकांतील ज्वरजनक प्रथिन शुद्ध केल्याचे जाहीर केले. निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या व तत्सम प्रथिनांना १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगेन येथील परिषदेत ‘इंटरल्यूकिन’ ही समान संज्ञा देण्यात आली. १९८४ मध्ये इंटरल्यूकिन-१ चे जनुकीय अनुक्रम उपलब्ध झाले.

इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन कोशिकेत प्रथम सुमारे ३१ किलोडाल्टन रेणुभाराच्या निष्क्रिय स्वरूपात तयार होते. त्याचा विशिष्ट ठिकाणी छेद झाल्यावर सुमारे १७ किलोडाल्टनचे क्रियाशील प्रथिन मुक्त होते. हा छेद करणारे एंझाइम १९९२ मध्ये दोन गटांनी शोधले. पुढे त्याला कॅस्पेज-१ हे नाव मिळाले. कॅस्पेज-१ हेदेखील सुप्तावस्थेत असते. त्यामुळे त्याला जागे करणारी यंत्रणा कोणती, हा प्रश्न पुढील दहा वर्षे अनुत्तरित राहिला.

जनुकाचा शोध : १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील डॅनिएल कास्टनर व इझ्राएलमधील त्यांचे सहकारी यांनी भूमध्यसामुद्रिक ज्वराचे जनुक १६ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असल्याचे दाखविले. त्यानंतर नेमके जनुक हुडकण्यासाठी दोन गटांत चढाओढ लागली. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय गट व फ्रेंच गट हे दोघेही एकाच वेळी लक्ष्यापर्यंत पोहोचले. या जनुकापासून बनणाऱ्या ७८१ ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाला पहिल्या गटाने अग्नी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘पायरिन’, तर दुसऱ्याने भूमध्य समुद्राच्या प्राचीन रोमन नावावरून ‘मारेनोस्ट्रिन’ असे नाव दिले. त्यांपैकी पायरिन हे नाव रूढ झाले. प्रथिनातील ६९४ व्या स्थानी मेथिओनिनाऐवजी व्हॅलीन आल्यास रोग विशेष तीव्र होतो, असे आढळले. हे प्रथिन प्रामुख्याने श्वेत कोशिकांत आढळते. त्याच्या अग्रभागी सुमारे नव्वद ॲमिनो अम्लांचा एक खंड असतो. इतर काही प्रथिनांतही असलेला हा खंड पुढे फार महत्त्वाचा ठरला.

नवी संज्ञा : नॉटिंगहॅम येथे राहणाऱ्या आयरिश-स्कॉटिश वंशाच्या एका कुटुंबातील आवर्ती ज्वराचे वर्णन १९८२ मध्ये झाले होते. आयर्लंडच्या लॅटिन नावावरून त्याला ‘कौटुंबिक हायबर्नियन ज्वर’ म्हटले जाई. यात झटके कित्येक आठवडे टिकत आणि रोग प्रभावी पद्धतीने, म्हणजे एकाच पालकाकडून संततीत उतरे. १९९९ मध्ये मायकेल मॅक्डर्मट, कास्टनर व सहकाऱ्यांनी या व इतर कुटुंबांत अर्बुद ऊतकनाशक घटकाच्या (टीएनएफच्या) एका ग्राही प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तने असल्याचे दाखविले. याच निबंधात त्यांनी ‘स्वयंशोथ’ ही संज्ञा मांडली. स्वयंप्रतिरक्षेत आढळणारी प्रतिपिंडे व विशिष्ट लसीका कोशिका येथे नसतात, शोथ मात्र आपोआप पेट घेतो, हे त्या नावातून सुचवावयाचे होते. त्याच वर्षी दोन गटांनी, नेदर्लंड्समध्ये १९८४ साली सहा रुग्णांत वर्णिलेल्या आणखी एका आवर्ती ज्वराचे कारण शोधले. कोलेस्टेरॉल व इतर द्रव्ये बनविण्याच्या मार्गातील मेव्हॅलोनेट कायनेज या एंझाइमाची त्यात उणीव असते.

थंडीने उद्‌भवणारे रोग : १९४० मध्ये रॉय काइल व हॉवर्ड रस्क यांनी एका कुटुंबात थंड हवा लागताच अंगावर गांधी उठत असल्याचे वर्णन केले. १९६२ मध्ये टॉमस मकल व मायकेल वेल्स यांनी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील एका कुटुंबात गांधी, हळूहळू वाढणारे बहिरेपण व वृक्कातील ॲमिलॉइड विकृती ही त्रयी आढळल्याचे नमूद केले. याहूनही भयंकर अशा तिसऱ्या रोगाकडे १९८१ मध्ये फ्रान्समधील आन-मारी प्रियर व क्लोद ग्रिसेली यांनी लक्ष वेधले. तो जन्मापासून असतो आणि त्यात पुरळ, मेंदूच्या आवरणांचा चिरकारी शोथ व सांध्यांची विरूपता आढळते. हे तीन स्वतंत्र रोग समजले जात.

२००१ मध्ये सॅन डिएगो येथील हॅल हॉफमन यांनी पहिल्या दोन रोगांत क्रमांक १ च्या गुणसूत्रावरील एकाच जनुकात उत्परिवर्तने असल्याचे दाखविले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला त्यांनी ‘क्रायोपायरिन’ (शीत-अग्नी) असे नाव दिले. पुढे ते एनएलआरपी-३ या नावाने ओळखले जाऊ लागले. २००२ मध्ये तिसऱ्या रोगाच्या अनेक रुग्णांतही तेच जनुक सदोष आढळले. म्हणजे तीन रोग ही एकाच विकाराच्या तीव्रतेची तीन रूपे ठरली. या प्रथिनाच्या अग्रभागी पायरिनमधील तोच खंड होता.

इन्फ्लेमासोम : २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझॅन विद्यापीठातील युर्ग चोप, फाब्यो मार्तिनों व किंबर्ली बर्न्स यांनी कॅस्पेज-१ ला जागृत करणाऱ्या मोठ्या प्रथिनसमूहाचे वर्णन केले. शोथ व काय (सोमा) या अर्थांचे शब्द जोडून त्यांनी त्याला ‘इन्फ्लेमासोम’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘शोथकाय’ असा होतो. यात तीन घटक असतात : धोका ओळखणारे संवेदक प्रथिन, एएससी हे जोडप्रथिन व कॅस्पेज-१ हे एंझाइम. संवेदक व जोडप्रथिन हे दोन्ही पायरिन खंडांच्या द्वारे परस्परांना चिकटतात. धोक्याची जाणीव होताच संवेदकाचे अनेक रेणू चाकासारख्या रचनेत एकत्र येतात. त्यांच्याभोवती जोडप्रथिनाचे तंतू बनतात आणि कॅस्पेजाचे रेणू इतके निकट येतात की ते परस्परांना क्रियाशील करतात. त्यानंतर इंटरल्यूकिन-१ बीटाचा छेद होतो. २०१५ मध्ये चीन व अमेरिका येथील गटांनी या साखळीचा पुढील दुवा शोधला. कॅस्पेज हे गॅस्डर्मिन-डी या प्रथिनाचाही छेद करते, त्याच्या तुकड्यांनी कोशिकेच्या पटलात छिद्रे पडतात, त्यांतून इंटरल्यूकिन बाहेर पडते आणि पुष्कळदा कोशिका फुटून मरते.

एवढी विध्वंसक यंत्रणा सहज सुरू होऊ नये यासाठी तिला दुहेरी कुलूप असते. पहिल्या संकेताने संवेदक व निष्क्रिय इंटरल्यूकिन यांचा साठा तयार होतो, तर दुसऱ्या संकेताने इन्फ्लेमासोमाची प्रत्यक्ष जुळणी होते. एनएलआरपी-३ च्या बाबतीत कोशिकेतून पोटॅशियम बाहेर पडणे हा पुष्कळ प्रकारच्या धोक्यांतील समान दुवा असल्याचे दिसते. २००४ मध्ये चोप यांच्या गटाने मकल-वेल्स रोगात दुसऱ्या संकेताविनाच इंटरल्यूकिन स्रवत असल्याचे दाखविले. अशा रीतीने जनुक, प्रथिनसमूह व रोग यांची सांगड बसली. चोप यांचे २०११ मध्ये आल्प्स पर्वतात निधन झाले.

गाऊटचा उलगडा : गाऊटमध्ये रक्तातील यूरिक अम्ल वाढते, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत झाले होते. १९६१ मध्ये डॅनिएल मॅकार्टी व जोसेफ हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातील द्रवात सोडियम यूरेटाचे सुईसारखे स्फटिक असल्याचे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने सिद्ध केले. हे स्फटिक रोगाचे कारण आहेत की केवळ परिणाम, हे ठरविण्यासाठी जेम्स फायर्स व मॅकार्टी यांनी ते स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत दोघांचेही गुडघे असह्य वेदनांनी सुजले. त्यांनी हा प्रयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. निर्जीव स्फटिकामुळे शोथ कसा पेटतो, हे मात्र त्यावेळी सांगता आले नाही.

२००६ मध्ये मार्तिनों, चोप व सहकाऱ्यांनी, यूरेटाचे स्फटिक महाभक्षिकोशिकांनी गिळल्यावर एनएलआरपी-३ इन्फ्लेमासोम जागृत होतो, असे दाखविले. ज्या उंदरांत या समूहाचे घटक नव्हते, त्यांच्यात स्फटिकांमुळे होणारा शोथ लक्षणीयरीत्या कमी झाला. दुर्मिळ जनुकीय रोग व गाऊट एकाच मार्गाने जातात, हे त्यावरून स्पष्ट झाले. पहिल्यात यंत्रणाच सदोष असते, दुसऱ्यात निर्दोष यंत्रणेला स्फटिक चिथावणी देतात. लवकरच सिलिकाचे कण (२००८) व रोहिणीच्या भित्तीतील कोलेस्टेरॉलाचे स्फटिक (२०१०) यांच्या बाबतीतही हेच आढळले. दगडखाणींतील कामगारांना जडणारा सिलिकामय फुप्फुसविकार व रोहिणीविलेपी विकार यांच्याकडे पाहण्याची त्यामुळे नवी दृष्टी मिळाली.

उपचार : इंटरल्यूकिन-१ ला त्याच्या ग्राहीवर बसू न देणारे ॲनाकिन्रा हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये संधिवाताभ संधिशोथासाठी मान्य झाले होते. त्या रोगात त्याचा गुण बेताचाच दिसला. २००३ मध्ये लंडनमधील फिलिप हॉकिन्स व सहकाऱ्यांनी मकल-वेल्स रोगाच्या रुग्णांना ते दिले, तेव्हा लक्षणे झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये रफाएला गोल्डबाख-मान्स्की यांच्या गटाने तिन्हींपैकी सर्वांत तीव्र रोगाच्या १८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सर्वांचाच पुरळ लवकर मावळला व इतर लक्षणेही सुधारली. यानंतर रिलोनासेप्ट (२००८) व कॅनाकिन्युमॅब (२००९) ही दीर्घकाळ टिकणारी औषधे मान्य झाली. कॉल्चिसिनाला दाद न देणाऱ्या भूमध्यसामुद्रिक ज्वरासाठी २०१६ मध्ये आणि इतर औषधे न चालणाऱ्या गाऊटच्या झटक्यांसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत कॅनाकिन्युमॅबला परवानगी मिळाली. औषधाला मिळणारा असा प्रतिसाद हा त्या रोगांत इंटरल्यूकिन-१ हेच मुख्य सूत्रधार असल्याचा सबळ पुरावा ठरला. ही औषधे टोचून घ्यावी लागतात व फार महाग असतात. त्यामुळे जगातील बहुसंख्य रुग्णांच्या दृष्टीने कॉल्चिसिनाचे महत्त्व कमी झालेले नाही.

हृद्‌विकाराच्या क्षेत्रातही ही कल्पना तपासण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्वी हृद्‌विकाराचा झटका आलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी मध्यम मात्रेत कॅनाकिन्युमॅब घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. तथापि प्राणघातक संसर्गांचे प्रमाण वाढले. शोथ हे शरीराचे संरक्षणही असल्याने तो दाबण्याचे मोल द्यावे लागते, हे यातून दिसले. अल्प मात्रेतील कॉल्चिसिनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. २०१९ व २०२० मधील चाचण्यांत लाभ दिसला, परंतु २०२४ मधील एका मोठ्या चाचणीत झटक्यानंतर ते दिलेल्या रुग्णांत तो आढळला नाही.

पायरिनचे कार्य : जनुक सापडल्यानंतरही पायरिन शरीरात काय करते, हे सतरा वर्षे गूढच होते. २०१४ मध्ये बीजिंग येथील फंग शाव यांच्या गटाने त्याचे उत्तर दिले. अनेक जंतूंची विषे कोशिकेतील ऱ्हो नावाच्या प्रथिनांना निकामी करतात. पायरिन विषाला प्रत्यक्ष ओळखत नाही, तर ही निकामी झालेली अवस्था ओळखून स्वतःचा इन्फ्लेमासोम उभारते. घरात शिरलेला चोर दिसला नाही, तरी फुटलेले कुलूप पाहून पहारेकरी जागा व्हावा, तसा हा प्रकार आहे. २०१६ मध्ये कास्टनर यांच्या गटाने या माहितीच्या आधारे दोन जुनी कोडी सोडविली. मेव्हॅलोनेट मार्गात उणीव असल्यास ऱ्हो प्रथिने पटलाला नीट चिकटू शकत नाहीत व पायरिन विनाकारण जागृत होते. उलटपक्षी, कॉल्चिसीन कोशिकेतील सूक्ष्मनलिका विस्कटून ऱ्हो प्रथिनांची क्रिया वाढविते व पायरिनला आवर घालते. १९७२ मधील निरीक्षणाला अशा रीतीने चव्वेचाळीस वर्षांनी कारण मिळाले.

एवढे हानिकारक जनुक काही समाजांत इतक्या मोठ्या प्रमाणात का टिकून राहिले, हाही प्रश्न होता. त्या समाजांत दर दहा व्यक्तींत एकाहून अधिक जण त्याचे वाहक असतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्लेगचा जंतू एका विशिष्ट प्रथिनाने पायरिनला निष्क्रिय करतो. सदोष पायरिनवर मात्र या प्रथिनाचा प्रभाव कमी पडतो. अशी उत्परिवर्तने असलेले उंदीर प्लेगच्या संसर्गात अधिक प्रमाणात जगले. पश्चिम आशियावर पुनःपुन्हा कोसळलेल्या प्लेगच्या साथींत वाहकांना लाभ झाला असावा, असे अनुमान त्यावरून काढण्यात आले. पूर्वजांना तारणाऱ्या गुणाची किंमत वंशज ज्वराच्या रूपाने मोजतात, असा त्याचा अर्थ होतो.

व्याप्ती व मर्यादा : १९९९ नंतर या गटात अनेक नवे रोग समाविष्ट झाले. २०२० मध्ये वर्णिलेला ‘व्हेक्सास’ हा रोग विशेष उल्लेखनीय आहे. त्यात एक्स गुणसूत्रावरील यूबीए-१ या जनुकातील उत्परिवर्तन जन्मजात नसून उतारवयात अस्थिमज्जेतील कोशिकांत उद्‌भवते. पहिल्या निबंधातील सर्व २५ रुग्ण पुरुष होते. वृद्धापकाळी प्रथमच ज्वर, कूर्चाशोथ व रक्तक्षय यांनी पीडित होणाऱ्या काही रुग्णांच्या निदानाचा प्रश्न त्यामुळे सुटला. आनुवंशिक रोग वंशपरंपरेनेच यावा लागतो, या समजुतीलाही त्याने छेद दिला. स्वयंशोथ रोगांची संकल्पना प्रस्थापित केल्याबद्दल कास्टनर यांना २०२१ चे क्रॅफोर्ड पारितोषिक देण्यात आले.

स्वयंशोथ व स्वयंप्रतिरक्षा यांतील सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नाही. डेनिस मॅकगोनागल व मॅक्डर्मट यांनी २००६ मध्ये असे सुचविले की, हे दोन वेगळे कप्पे नसून एकाच सलग पट्ट्याची दोन टोके आहेत. एका टोकास भूमध्यसामुद्रिक ज्वरासारखे एकजनुकी रोग, दुसऱ्या टोकास प्रतिपिंडांनी होणारे रोग आणि मधे बहुसंख्य सामान्य संधिविकार असतात. तसेच सर्व स्वयंशोथ रोग इन्फ्लेमासोममुळे होतात असेही नाही. काहींत इंटरफेरॉन, तर काहींत अन्य मार्ग बिघडलेले असतात. आवर्ती ज्वराच्या अनेक रुग्णांत ज्ञात जनुकांपैकी एकही सदोष आढळत नाही. एनएलआरपी-३ ला थेट रोखणारे, तोंडाने घेता येण्याजोगे लहान रेणू शोधण्याचे प्रयत्न २०१५ पासून जोमाने चालू आहेत.

आरंभीच्या वैद्यांनी काही मोजक्या कुटुंबांची गाऱ्हाणी दुर्लक्षिली असती, तर शोथाची ही मूलभूत यंत्रणा उमगण्यास कदाचित आणखी बराच काळ लागला असता. निदान उशिरा झाल्यास ॲमिलॉइड विकृतीमुळे वृक्क कायमचे निकामी होतात आणि वेळेवर झाल्यास एका साध्या गोळीने ते वाचू शकतात. म्हणून ठराविक अंतराने येणारा व जंतुसंसर्गाचा पुरावा नसलेला ज्वर, विशेषतः पोट, छाती किंवा सांधे यांच्या वेदनांसह येणारा व घरातील इतरांनाही होणारा ज्वर, आढळल्यास या रोगांचा विचार करणे आवश्यक आहे.